उपकारस्मरणाची वही: एका उपासना-वर्षाच्या वापरानंतरचे मत

ख्रिस्ती उपासनेत वर्षभर ऐकलेली वचने, गायलेली गीते, मागितलेल्या प्रार्थना आणि त्यांतून लाभलेले देवाचे मार्गदर्शन यांची नोंद एका ठिकाणी ठेवता यावी म्हणून खास छापलेल्या वह्या आता सहज मिळतात. त्यांपैकी एक वही मी आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळापासून, सुरू करून पुढचा आगमनकाळ येईपर्यंत वापरली. प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या ज्या वह्या मी चाळल्या आहेत त्यांची रचना एकमेकींशी बरीच मिळतीजुळती आहे आणि पुढे मांडलेले गुणदोष त्यांनाही कमीअधिक प्रमाणात लागू पडतात. वही घेण्याजोगी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र तिची जी पाने जाहिरातीत पुढे केली जातात ती मला सर्वांत दुबळी वाटली आणि ज्यांचा जाहिरातीत उल्लेखही नाही अशी शेवटच्या भागातील पाने सर्वांत मोलाची ठरली.

बाह्यांगाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. बांधणी धाग्याने शिवलेली असल्यामुळे वही मांडीवर ठेवूनही सपाट उघडते आणि पाने सुटत नाहीत. कागद पांढराशुभ्र नसून किंचित पिवळसर आहे, त्यामुळे मंद प्रकाशातही डोळ्यांना त्रास होत नाही. पण शाईचे पेन वापरल्यास अक्षरे मागच्या बाजूला उमटतात, तेव्हा बॉलपेन किंवा पेन्सिल बरी. मागच्या पुठ्ठ्याच्या आत एक कागदी खिसा चिकटवलेला आहे. त्याच्याविषयी सविस्तर पुढे लिहिणार आहे, कारण या वहीची खरी कसोटी मला त्या खिशातच दिसली.

पानांची मांडणी जानेवारी ते डिसेंबर अशी न करता उपासना-वर्षाप्रमाणे केली आहे, हा निर्णय मला विचारपूर्वक घेतलेला वाटतो. आगमनकाळाच्या चार रविवारांपासून सुरुवात होते, मग नाताळ, प्रकटीकरणाचा सण, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानाचे पन्नास दिवस, पेंटेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा सण आणि त्यानंतरचा लांबलचक सामान्य काळ अशी वाटचाल होते. भाविकाच्या आठवणी तारखांपेक्षा या काळांनाच जास्त चिकटलेल्या असतात. आईच्या आजारपणातली प्रार्थना अमुक तारखेची म्हणून लक्षात राहत नाही, ती उपवासकाळातली म्हणून राहते. पानांवर तारखा छापलेल्या नाहीत हेही योग्यच आहे, कारण पुनरुत्थानाचा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची गणना पाश्चात्त्य मंडळ्यांहून निराळी असते. त्या मंडळ्यांचे उपासना-वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असल्यामुळे त्यांच्या सभासदांना ही मांडणी थोडी परकी वाटेल. पण तारखाच नसल्यामुळे हवे तेथून आरंभ करण्याची मोकळीक त्यांना राहते.

आता रोजच्या पानाकडे येतो. तेथे तीन प्रश्न छापलेले आहेत: आज कशाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात, आज देवाने कोणते मार्गदर्शन केले आणि उद्यासाठी कोणती विनंती आहे. पहिल्या प्रश्नाविषयी माझी तक्रार नाही. स्तोत्र १०३ मध्ये भक्त स्वतःच्याच जिवाला देवाचे उपकार विसरू नकोस असे बजावतो आणि पाठोपाठ क्षमा, आरोग्य, विनाशापासून सुटका असे एकेक उपकार नाव घेऊन मोजतो, त्या परंपरेला हा प्रश्न धरून आहे. ढोबळपणे सगळ्याबद्दल आभार मानण्यापेक्षा एखादी नेमकी गोष्ट लिहावी लागली की मन सावध होते, हा अनुभव मलाही आला.

दुसरा प्रश्न मात्र मला सुरुवातीपासून खटकला आणि वर्षाच्या अखेरीस तो चुकीचाच आहे असे माझे मत झाले. दररोज रात्री मार्गदर्शनाची एक ओळ भरावयाची म्हटल्यावर श्रद्धाळू माणूस काहीतरी शोधून ती भरतोच. वेळेवर मिळालेली गाडी, ऐनवेळी रद्द झालेली भेट, मनात आलेला एखादा विचार हे सारे त्या ओळीत देवाचे मार्गदर्शन म्हणून जाऊन बसते. काही दिवसांतच आपल्या मनाचा कौल देवाच्या नावावर जमा होऊ लागतो. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात परमेश्वराच्या मुखचे नव्हे तर स्वतःच्या मनातले दर्शन सांगणाऱ्या संदेष्ट्यांना जो कडक इशारा दिला आहे, तो वहीत लिहिणाऱ्यालाही लागू पडतो, फरक एवढाच की येथे ऐकणारे आपण एकटेच असतो.

पवित्र शास्त्रातील मार्गदर्शनाच्या कथा पाहिल्या तर त्यांतील बऱ्याच जणांना ते मार्गदर्शन त्याच दिवशी कळलेले नाही. अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य स्वतः पुनरुत्थित प्रभूबरोबर चालत होते, तो त्यांना शास्त्राचा उलगडा करून सांगत होता, आणि तरीही त्याने भाकर मोडून दिली तेव्हाच त्यांनी त्याला ओळखले. वाटेत आपले अंतःकरण आतल्या आत उकळत होते, हे त्यांना तो दृष्टीआड झाल्यावर आठवले. त्या दोघांनी वाटेत असताना ही वही उघडली असती तर मार्गदर्शनाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिले असते? बहुधा एका अनोळखी वाटसरूची भेट झाली एवढेच. स्तोत्र ७७ तर याहून स्पष्ट आहे. स्तोत्रकर्ता आसाफ त्यात रात्रभर तळमळतो, देव दया करायला विसरला आहे काय असे विचारतो, मग परमेश्वराची पुरातन कृत्ये आठवू लागतो आणि अखेर तांबड्या समुद्रातून निघालेल्या वाटेपाशी येतो. त्या वाटेवर देवाच्या पावलांचे ठसे कोणालाही दिसले नाहीत, असे तो सांगतो आणि लगेच पुढच्या ओळीत मोशे व अहरोन यांच्या हातून देवाने आपल्या लोकांना कळपासारखे नेले असे म्हणतो. नेणे खरे आणि ठसे नसणेही खरे, अशी ही साक्ष आहे. वहीचा दुसरा प्रश्न मात्र रोज ठसे दाखवा म्हणतो.

या प्रश्नाऐवजी आज कोणत्या गोष्टीविषयी तुम्ही देवाची वाट पाहत आहात, असे विचारले असते तर पान प्रामाणिक राहिले असते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात वचन सांगू पाहतात तेव्हा पवित्र आत्मा त्यांना मना करतो, बिथुनियाकडे वळतात तेव्हा तेथेही जाऊ दिले जात नाही, आणि त्रोवसला पोचल्यावर पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. त्या दृष्टान्तानंतरही पुढे जाण्याचा निष्कर्ष सगळे मिळून काढतात. म्हणजे या एका प्रसंगात दोन नकार आहेत, एक स्वप्नवत दर्शन आहे आणि सोबत्यांचा विचारविनिमय आहे. रोजच्या पानावरच्या दोन ओळींत यातले काहीच मावत नाही आणि नकारासाठी तर जागाच ठेवलेली नाही. मी काही आठवड्यांनंतर तो प्रश्न पेन्सिलीने खोडून त्याजागी वाट पाहण्याविषयी लिहू लागलो आणि मग ती पाने पुन्हा वाचण्यासारखी झाली.

रात्रीच्या पानाचा आराखडा येशूसंघाचे संस्थापक इग्नाती लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणावरून घेतला आहे, हे जाणकाराच्या सहज लक्षात येते. मूळ पद्धतीत पाच पायऱ्या आहेत: मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानणे, आपली पापे ओळखण्याची कृपा मागणे, दिवसाचा तासातासाने झाडा घेणे, क्षमा मागणे आणि देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय करणे. वहीने त्यांतली पहिली पायरी ठेवली, तिसरी सौम्य केली, आणि दुसरी, चौथी व पाचवी गाळून टाकली. ग्राहकाला पापाची आठवण करून देणारी वही खपणार नाही असा हिशेब त्यामागे असावा, अशी शंका मला येते. पण क्षमेविना केलेले आभारप्रदर्शन ख्रिस्ती उपासनेच्या रीतीला सोडून आहे. अनेक परंपरांच्या उपासनेत पापांगीकार आणि पापक्षमेची घोषणा सुरुवातीलाच येते, आणि त्यानंतर गायलेल्या स्तुतिगीताला जो जोर चढतो तो त्यामुळेच. ज्यांना ही उणीव भरून काढायची असेल त्यांनी पानाच्या तळाशी उरलेल्या मोकळ्या पट्टीचा उपयोग करावा.

प्रस्तावनेत शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये उभारलेल्या दगडाची कथा आहे. परमेश्वराने येथवर आम्हांला साहाय्य केले असे म्हणून त्याने त्या दगडाचे नाव एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा दगड, असे ठेवले, आणि या वहीचे प्रत्येक पान म्हणजे असाच एक दगड आहे, असे प्रस्तावनाकार लिहितात. कल्पना चांगली आहे, पण कथा अर्धीच सांगितली आहे. १ शमुवेलच्या चौथ्या अध्यायात याच एबन-एजर नावाच्या ठिकाणी इस्राएलाने तळ दिला होता. पहिल्या लढाईत पलिष्ट्यांनी सुमारे ४,००० माणसे मारली, दुसऱ्या लढाईत ३०,००० पडली आणि कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या असलेली पवित्र पेटीही, शत्रूच्या हाती गेला. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, लोकांनी पश्चात्ताप करून परक्या देवांना दूर सारल्यावर, शमुवेलाने तो दगड उभारला. पराभवाशी जोडलेले नाव साहाय्याच्या दगडाला मिळाले, ही गोष्ट गाळली की तो दगड विजयस्तंभ होऊन बसतो. जिच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे किंवा ज्याची नोकरी सुटली आहे अशा व्यक्तीच्या हाती ही वही पडली, तर तिला संपूर्ण कथेची गरज अर्ध्या कथेपेक्षा किती तरी जास्त असेल.

रविवारच्या पानांवर शास्त्रपाठ, गीते, संदेश आणि प्रार्थना असे चार रकाने आहेत. संदेशाच्या रकान्याने पानाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे आणि प्रभुभोजनासाठी एकही ओळ नाही. ही मला मोठीच गफलत वाटते, कारण माझ्या स्मरणार्थ हे करा असे प्रभूने ज्या कृतीविषयी सांगितले तीच आठवणींच्या वहीत नाही. उपासना म्हणजे टिपणे घ्यायचा वर्ग नव्हे. पाळकांचे बोलणे लिहून घेण्यात गुंतलेला हात पुढच्या गीताला गीतपुस्तक उचलायला उशीर करतो, हे शेजारच्या बाकांवर कोणालाही पाहता येईल. म्हणून उपासना चालू असताना वही बंद ठेवावी आणि आशीर्वादानंतर, घरी आल्यावर, जे मनात उरले असेल तेवढेच लिहावे, असे मी सुचवेन. गीतांचा रकाना मात्र लहान असूनही कामाचा आहे. नुसती पहिली ओळ लिहिली तरी काही महिन्यांनी ते पान उघडताच चाल, गाणाऱ्यांचे आवाज आणि त्या दिवशीचे मन असे सारे परत येते. संदेशाच्या सविस्तर टिपणांना ही ताकद नसते, असे मी तरी अनुभवले.

वहीच्या शेवटच्या भागातील तीन प्रकारच्या पानांमुळे मी ही वही इतरांना सुचवतो. पहिला प्रकार स्तोत्र १३६ च्या धर्तीचा आहे. त्या स्तोत्राला २६ ओव्या असून प्रत्येकीचा उत्तरार्ध देवाची दया सनातन आहे असाच आहे. पूर्वार्धात सृष्टीची निर्मिती, मिसरातून सुटका, अरण्यातली वाटचाल आणि शेवटी प्रत्येक जिवाला मिळणारे अन्न असा क्रम येतो. वहीत उत्तरार्ध उजव्या बाजूला छापला आहे आणि डावी बाजू रिकामी सोडली आहे, जेथे आपण आपल्या आयुष्यातील घटना क्रमाने लिहायच्या. आनंदाच्या घटना लिहिताना हात सहज चालतो. पण एखाद्या वियोगाची ओळ लिहून झाल्यावर तिच्यासमोर तेच छापील वाक्य उभे असते आणि ते खोडता येत नाही. मी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो होतो. हे पान सोपे समाधान देत नाही, म्हणूनच ते उपासनेच्या जवळचे आहे. एकट्याने लिहून मंडळीच्या लहान गटात आळीपाळीने वाचले, एकाने पूर्वार्ध आणि बाकीच्यांनी उत्तरार्ध म्हटला, तर त्याची योग्यता आणखी कळते.

दुसरा प्रकार मागे वळून पाहण्याच्या पानांचा आहे. दर तीन महिन्यांनी ती येतात, आणि आधीची पाने वाचून आता काय वेगळे दिसते तेवढे लिहायला सांगतात. रोजच्या दुसऱ्या प्रश्नाने जे बिघडवले ते येथे बरेचसे दुरुस्त होते. मार्गदर्शन म्हणून उत्साहाने नोंदवलेल्या गोष्टींपैकी कित्येकींचा पुढे मागमूसही राहत नाही, आणि ज्या दिवशी काहीच घडले नाही असे लिहिले होते त्याच दिवशीचे कोणाचे तरी एक वाक्य पुढच्या निर्णयाला कारण झालेले दिसते. वर्षभरातल्या लेखनाची ही छाननी जेवढी सक्तीची आहे तेवढीच नम्र करणारी आहे. माझ्या मते ही पाने तीन महिन्यांऐवजी दर महिन्याला हवी होती आणि त्यांच्यासाठी रोजच्या पानांतली निम्मी काढून टाकली असती तरी चालले असते.

तिसरा प्रकार म्हणजे पुढच्या पिढीसाठी ठेवलेली काही पाने. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीच्या कोरड्या पडलेल्या पात्रातून बारा वंशांनी बारा धोंडे उचलून आणले, ते गिलगाल येथे उभे केले, आणि पुढे मुले या धोंड्यांचा अर्थ विचारतील तेव्हा त्यांना नदी कशी थांबली ते सांगा, अशी आज्ञा मिळाली. वही हाच धागा पकडून आपल्या बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहाच्या उपासनेची आणि निधन पावलेल्या आप्तांची आठवण मुलांना समजेल अशा शब्दांत लिहायला सांगते. मुलांना समजेल असे लिहायचे म्हटल्यावर भारदस्त धार्मिक शब्द आपोआप गळतात आणि कोण उभे होते, कोणी हात धरला, कोणते गीत म्हटले, एवढ्याच गोष्टी राहतात. ज्येष्ठ मंडळींना ही वही भेट द्यायची असेल तर याच पानांपासून सुरुवात करायला सांगावे. रोजची पाने त्यांनी सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

आता त्या खिशाविषयी. माझ्या वहीच्या खिशात एका अंत्यविधीच्या उपासनेची छापील पत्रिका आहे, जिच्यावर दुसऱ्या गीताच्या कडव्यांशेजारी पेन्सिलीने श्वास घेण्याच्या जागा दाखवणारे स्वल्पविराम काढलेले आहेत. ते माझे नाहीत. जे गेले तेच ही गीते बसवून घेत आणि आपल्या अंत्यविधीची गीतेही त्यांनीच निवडून, खुणा करून ठेवली होती. वहीतले माझे कोणतेही पान या पत्रिकेइतके बोलत नाही. दुर्दैवाने खिसा इतका अरुंद आहे की पत्रिका दुमडूनच ठेवावी लागते आणि चार-पाच कागद झाले की त्याचा खालचा सांधा उसवतो. ज्या वस्तूत आठवणी जपायच्या तिच्यात जपण्याची जागाच कच्ची असावी, ही हेळसांड मला माफ करण्याजोगी वाटत नाही. फ्रेंच गणितज्ञ ब्लेझ पास्काल यांना २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारापासून मध्यरात्र उलटून अर्धा तास होईपर्यंत देवसान्निध्याचा जो अनुभव आला, त्याचे मोजक्या शब्दांतले टिपण त्यांनी आपल्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवले होते आणि १६६२ मध्ये त्यांच्या निधनानंतर ते सापडले. आठ वर्षे ते कोणाला न दाखवता त्यांनी जवळ बाळगले. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते या खिशावर सोपवू नये, वेगळे जाड पाकीट करून वहीच्या मधल्या पानांत ठेवावे.

नव्याने विश्वासात आलेल्यांना रोजच्या पानांची शिस्त उपयोगी पडेल, पण सोबत कोणी अनुभवी व्यक्ती नसेल तर मार्गदर्शनाच्या प्रश्नाने त्यांची फसगत होण्याचा धोकाही त्यांनाच सर्वांत जास्त आहे. पाळकांनी किंवा गटाच्या पुढाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी त्यांच्याशी त्याविषयी बोलावे. साक्ष देण्याची जबाबदारी असणाऱ्यांना मागे वळून पाहण्याची पाने फार कामाची आहेत. घाईत असलेल्यांनी ही वही घेऊ नये, कारण कोरी राहिलेली पाने उगाच अपराधी वाटायला लावतात आणि उपकारस्मरणाला ते कारण नको.

एक व्यावहारिक अडचण राहिली. वहीला पानांचे क्रमांक नाहीत आणि सूचीही नाही, त्यामुळे मागची एखादी प्रार्थना शोधायची झाली तर सगळी वही उलगडत बसावे लागते. घेतल्याबरोबर पहिल्याच आठवड्यात स्वतः क्रमांक घालावेत आणि शेवटच्या कोऱ्या पानावर गीते, वचने व माणसांची नावे यांची छोटी सूची सुरू करावी. मी हे उपवासकाळ अर्धा सरल्यावर सुरू केले, म्हणून आगमनकाळातली गीते माझ्या सूचीत अजूनही अपुरी आहेत.